गॅस मीटर, घरगुती (भाड्याच्या घरातील)

पाइपमधून स्वयंपाकघरात येणारा नैसर्गिक वायू घनमीटरमध्ये मोजणारे यंत्र. बोलण्यात ‘पाइपचा गॅस’ म्हणतात, आणि त्याच्या मीटरची आठवण होते ती बहुधा बिल हातात पडल्यावर. सिलिंडर भाडेकरू स्वतःच्या नावाचा आणतो आणि जाताना सोबत नेतो; मीटर भिंतीला जडलेला असतो. घरात माणसे बदलतात, आकडा मागच्याच्या पुढे चालू राहतो. भाडेकरू आणि घरमालक यांच्यात गॅसच्या बिलावरून जी कुरबुर होते तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

मुंबईला नळाने येणारा गॅस तसा नवा नाही. १८६०च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीने दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर रस्त्यांतले दिवे लावले. लालबागच्या गॅस कंपनी लेनने ते नाव अजून जपले आहे. आजचा गॅस वेगळा, मुख्यतः मिथेन. वडोदऱ्यात १९७०च्या दशकापासून घरोघरी पाइपने गॅस मिळू लागला. मुंबईसाठी महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये, तर पुण्यासाठी महाराष्ट्र नॅचरल गॅस (लोकांच्या तोंडी ‘एमएनजीएल’) २००६ मध्ये स्थापन झाली. या धंद्यावर देखरेख करणारे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६च्या कायद्याने आले. एका भागात जाळे एकाच कंपनीचे असते. मोबाइलसारखी कंपनी बदलण्याची सोय इथे नाही. घर निवडले की गॅस कंपनीही निवडली गेली.

रचना व कार्य : पाण्यावर चालणारा गॅस मीटर इंग्लंडमध्ये सॅम्युएल क्लेग याने १८१५च्या सुमारास केला. पाण्याशिवाय चालणारे, पडद्यांचे मीटर १८४०च्या दशकात आले आणि आपल्या ओट्यावरची करडी पेटी त्यांचीच वंशज. पेटीत भात्यासारखे दोन पडदे असतात. गॅस एका बाजूने शिरून पडदा ढकलतो, तो ढकलताना पलीकडच्या कप्प्यातला गॅस शेगडीकडे जातो. मग झडपा फिरतात आणि उलट बाजू भरू लागते. मोठा बर्नर लावून मीटरला कान दिला तर ही ये-जा हलक्या ‘टक्‌...टक्‌’ अशा लयीत ऐकू येते. प्रत्येक फेरीत ठरलेले माप पुढे जाते आणि दंतचक्रे ते आकड्यांच्या चकत्यांपर्यंत पोचवतात. याला वीज लागत नाही. घरातला दाब अवघा २१ मिलिबार, म्हणजे पाण्याच्या सुमारे २१ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका. फुगा फुगवायला सुरुवातीला याहून जास्त जोर लागतो. घरांत सर्रास दिसणाऱ्या ‘जी १.६’ जातीच्या मीटरमधून तासाला जास्तीत जास्त २.५ घनमीटर गॅस जाऊ शकतो. चांगल्या मीटरची चूक नेहमीच्या वापरात दीड टक्क्याच्या आत असावी अशी अपेक्षा असते. ‘मीटर पळतोय’ ही तक्रार म्हणून क्वचितच खरी निघते. तपासणीचा अर्ज देण्याआधी गिझर किती चालतो ते पाहावे.

वाचन : खिडकीत साधारण आठ आकडे दिसतात. डावीकडचे पाच काळे, ते घनमीटर. उजवीकडचे तीन लाल चौकटीतले, ते लिटर. बिलासाठी फक्त काळे आकडे घेतात. ‘००४१२’ आणि पुढे लाल ‘६३८’ दिसत असेल तर रीडिंग ४१२. अॅपवर रीडिंग पाठवताना लाल आकडेही भरले की चार लाख बारा हजारांचा घोळ होतो. बिलावर ‘एससीएम’ असे एकक असते, म्हणजे प्रमाण घनमीटर : १५ अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण दाब धरून मोजलेला. सिलिंडरच्या हिशेबात विचार करणाऱ्यांसाठी ढोबळ मेळ असा, की १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते तेवढी मिळवायला अठराच्या आसपास घनमीटर लागतात.

मोठा बर्नर पूर्ण आचेवर मिनिटाला चारेक लिटर गॅस घेतो. म्हणजे एक घनमीटर संपायला चार-साडेचार तास लागतात. डाळ-भाताचा कुकर, पोळ्या, दोन वेळचा चहा यांनी बिल फुगत नाही. गॅसचा गिझर मात्र मिनिटाला वीसेक लिटर ओढतो. एक बादली गरम पाण्याला पन्नासेक लिटर धरले तर रोजच्या पाच बादल्यांचे महिन्याला सात-आठ घनमीटर होतात. लहान कुटुंबाच्या स्वयंपाकालाही जवळपास तेवढाच गॅस लागतो. डिसेंबर-जानेवारीचे बिल पाहून मालकावर संशय घेणाऱ्याने आधी न्हाणीघराकडे पाहिलेले बरे.

बिलाची पद्धत : मुंबई-पुण्यात बिल साधारण दोन महिन्यांनी येते. मीटर रीडर आला आणि दाराला कुलूप असले की कंपनी मागच्या वापरावरून अंदाजे बिल काढते. लोक त्याला ‘अॅव्हरेज बिल’ म्हणतात. पुढे खरे रीडिंग मिळाले की फरक त्या बिलात वळता होतो. त्याच घरात राहणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. मधे घर सोडणाऱ्याचे आणि नव्याने येणाऱ्याचे बिघडते. समजा १० एप्रिलला खरे रीडिंग ४१२ होते. १० जूनला कुलूप, म्हणून अंदाजे ४४० धरून २८ एककांचे बिल निघाले. ५ जुलैला नवा भाडेकरू आला तेव्हा मीटरवर ४६३ होते आणि १० ऑगस्टला रीडर आला तेव्हा ४८६. बिल येणार ४८६ वजा ४४०, म्हणजे ४६ एककांचे, आणि ते देणार घरात असलेला माणूस. त्याने जाळले फक्त २३. उरलेले २३ आधीच्या भाडेकरूचे, आणि तो एव्हाना दुसऱ्या उपनगरात सामान लावत असतो. ५ जुलैचा फोटो असला तर हे पाच मिनिटांत मिटते. नसला तर ब्रोकर, मालक आणि भाडेकरू यांच्यात महिनाभर फोन चालतात.

म्हणून किल्ली घेताना मीटरचा फोटो काढावा. त्यात आकडे आणि पेटीवरचा मीटर क्रमांक दोन्ही आले पाहिजेत, कारण काही इमारतींत डक्टमध्ये (पाइप नेण्याच्या उभ्या पोकळीत) सहा मीटर शेजारी-शेजारी असतात आणि शेजाऱ्याच्या मीटरचा फोटो काढून आणणारेही भेटतात. फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवावा. मागचे बिल भरल्याची पावती मागावी. थकबाकी जोडणीला चिकटते, माणसाला नव्हे, आणि ती वाढली तर पुरवठा तुटतो तो आत राहणाऱ्याचा.

बिलात गॅसच्या रकमेवर जीएसटी नसतो, कारण नैसर्गिक वायू त्या कराबाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. जोडणीच्या किंवा दुरुस्तीच्या कामावर मात्र जीएसटी लागतो.

करार व नाव : जोडणी बहुधा मालकाच्या नावाने असते आणि कंपनीकडची परत मिळणारी अनामतही त्याचीच. भाडेकरू मालकाची ना हरकत आणि करार देऊन नाव बदलून घेऊ शकतो, पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्ससाठी (राहण्याचा फक्त परवाना देणाऱ्या करारासाठी) हा खटाटोप सहसा कोणी करत नाही. मालकाच्याच ग्राहक क्रमांकावर ऑनलाइन पैसे भरणे सोपे पडते. त्यातली अडचण अशी, की सूचना आणि बिले मालकाच्या मोबाइलवर जातात, आणि मालक परदेशी असला तर ‘थकबाकी’ हा शब्द भाडेकरूला पहिल्यांदा कळतो तो जोडणी बंद करायला माणूस आल्यावर. करारात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि ताबा घेतानाचे रीडिंग असे एक वाक्य घालून घ्यावे. छापील मसुद्यात ते क्वचितच असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम २९ने भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा सबळ कारणाशिवाय तोडायला मालकाला मनाई केली आहे. तिथल्या स्पष्टीकरणात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांची नावे येतात, गॅसचे नाव येत नाही. शिवाय लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत ‘भाडेकरू’ नसतो. भिस्त कलमापेक्षा करारातल्या ओळीवर ठेवलेली बरी.

देखभाल व सुरक्षा : मीटर, त्याचे सील आणि मीटरपर्यंतचा पाइप कंपनीचा, त्याला सुताराने किंवा प्लंबरने हात लावायचा नाही. हल्ली ट्रॉल्या बसवणारे मीटर कपाटात बंद करून टाकतात. रीडिंग घ्यायला लोणच्याच्या बरण्या हलवाव्या लागतात हे एकवेळ चालेल, पण बंद कपाटात गळती साठते हे चालण्यासारखे नाही. असे कपाट असले तर दाराला जाळी किंवा भोके मालकाकडून करून घ्यावीत.

गळती तपासायला मीटरच उपयोगी पडतो. रात्री सर्व बर्नर आणि गिझर बंद करावे, पाइपचे कॉक उघडेच ठेवावेत, शेवटचा लाल आकडा टिपावा आणि वीस मिनिटांनी पुन्हा पाहावा. तो हलला असेल तर गॅस कुठेतरी जातो आहे, बहुधा शेगडीच्या रबरी नळीतून. तिच्यावर छापलेली मुदत भाड्याच्या घरात कोणी वाचलेली नसते. वास आला तर मीटरजवळचा कॉक पाइपला आडवा करावा (पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद), खिडक्या उघडाव्या, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये आणि बाहेर जाऊन कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो. सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून इथे वरची खिडकी किंवा झरोका महत्त्वाचा. गिझर बंद न्हाणीघरात असेल तर धोका गळतीपुरता राहत नाही : अर्धवट ज्वलनाने तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

घर सोडताना शेवटचे रीडिंग मालकासमोर घ्यावे आणि त्या दिवसापर्यंतची रक्कम डिपॉझिटमधून कापून हिशेब लेखी मिटवावा. शेगडी स्वतःची असेल तर आणखी एक काम उरते. पाइपच्या गॅससाठी बर्नरचे जेट मोठ्या छिद्राचे बसवलेले असतात. तीच शेगडी नव्या घरी सिलिंडरला जोडली तर ज्योत पिवळी, उंच येते आणि पहिल्याच दिवशी पातेल्यांचे बूड काळे होते. उलट सिलिंडरची शेगडी पाइपला लावली तर ज्योत इतकी मिणमिणती, की भाताला पाऊण तास लागतो. जेट बदलायला मेकॅनिकला दहा मिनिटे पुरतात. जुने जेट डबीत घालून सोबत न्यावेत.