कॅन्सरनंतरचा निद्रानाश आणि त्यावरचे बिनगोळ्यांचे उपचार

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट चांगले आले, तरी झोप काही परत येत नाही, असं पुष्कळ जणांचं होतं. झोप लागायलाच तास-दीड तास, नाहीतर रात्री अडीचला टक्क जाग, आणि हे आठवड्यात किमान ३ रात्री आणि ३ महिने चाललं की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश धरतात. कॅन्सर झालेल्यांमध्ये याचं प्रमाण इतरांच्या दोन-तीन पट असतं. पण फॉलोअपचा वेळ स्कॅन आणि गोळ्यांतच जातो, त्यामुळे झोपेचा विषय निघतच नाही.

सुरुवात कशानं होते ते बहुतेकदा कळतं: केमोबरोबरचं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोन-विरोधी गोळ्यांमुळे रात्री अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, ऑपरेशनच्या जागेचं दुखणं, प्रोस्टेटच्या ट्रीटमेंटनंतर सारखं लघवीला उठणं, आणि पुढचं स्कॅन जवळ आलं की ‘परत आला तर?’ ही धास्ती. पण यातलं निम्मं कमी झालं तरी झोप बिघडलेलीच राहते, कारण मधल्या काळात सवयी लागलेल्या असतात. घरचे मायेनं सांगत असतात पड जरा, आराम कर, मग दुपारी दोन तास लोळणं, रात्री नऊलाच अंथरुणात, सकाळी उठायची घाई नाही, आणि बाकी सगळा वेळ कूस बदलत घड्याळ बघणं. आजार टिकतो तो इथे, आणि गोळ्यांशिवायचे उपचार मुख्यतः यावरच काम करतात.

त्यातला सगळ्यात भक्कम उपचार म्हणजे सीबीटी-आय, निद्रानाशासाठीची खास वर्तन-विचार थेरपी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच द्या असं सांगितलं. साधारण ६ ते ८ आठवड्यांचा कोर्स असतो. त्यात एक नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला: अंथरूण फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी, मोबाईल तिथे नाही, चिंताही तिथे नाही, आणि अंदाजे २० मिनिटांत झोप आली नाही तर सरळ उठून दुसऱ्या खोलीत जायचं, झोप आली की परत यायचं. वन रूम किचनमध्ये दुसरी खोली कुठून आणणार, तर खुर्चीत बसलं तरी चालतं, मुद्दा अंथरूण सोडण्याचा आहे.

दुसरा भाग लोकांना ऐकताच वेडेपणा वाटतो. आर्थर स्पीलमन यांच्या १९८७ च्या पद्धतीत अंथरुणातला वेळच कापतात. समजा बाई साडेनऊला पडतात, साडेसहाला उठतात, म्हणजे ९ तास अंथरुणात, पण एक-दोन आठवड्यांच्या झोपेच्या डायरीत खरी झोप निघते साडेपाच तास, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. मग त्यांना सांगायचं, साडेबाराच्या आत आडवं व्हायचं नाही आणि सहाला उठायचंच, रात्र कशीही गेली तरी. पहिले काही दिवस हाल होतात, मग झोप एकसंध व्हायला लागते, आणि हे प्रमाण ८५-९० टक्क्यांवर गेलं की दर आठवड्याला १५-१५ मिनिटं वाढवत न्यायची.

चहा संध्याकाळी नको, खोली अंधारी ठेवा, हे सल्ले चुकीचे नाहीत, पण तेवढ्यानं जुना निद्रानाश जात नाही. कित्येक अभ्यासांत तुलनेसाठीच्या गटाला हेच सल्ले देतात, यावरूनच काय ते ओळखा.

बाकीच्या उपचारांत न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलचा २०१९ चा अभ्यास बघण्यासारखा आहे. कॅन्सरमधून बाहेर आलेल्या १६० जणांत अ‍ॅक्युपंक्चर (अंगावर बारीक सुया टोचण्याचा उपचार) आणि सीबीटी-आय यांची ८ आठवडे तुलना केली, फायदा दोन्हींनी झाला, सीबीटी-आयनं जास्त. २०१३ मध्ये अमेरिकेत ४१० जणांवर योगाचा अभ्यास झाला, आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं, ४ आठवडे, सौम्य आसनं, प्राणायाम आणि ध्यान, आणि झोप सुधारली. ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, २०१७ च्या अभ्यासात सीबीटी-आयच्या तोडीची ठरली, माइंडफुलनेसचा (लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवण्याच्या सरावाचा) गुण उशिरा दिसला पण दिसला. मात्र यातले बरेच अभ्यास स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांवरचे आहेत, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला ते जसेच्या तसे लागू होतील असं धरून चालू नये, आणि आपल्याकडे पुरुषांत तर तोच जास्त.

अडचण थेरपिस्टची. सीबीटी-आय शिकलेली माणसं आपल्याकडे मोजकी, त्यातही मोठ्या शहरांत. व्हिडिओवरून आणि अ‍ॅपवरून केलेल्या कोर्सचाही उपयोग होतो. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं ‘सीबीटी-आय कोच’ हे अ‍ॅप फुकट आहे, पण इंग्रजीत, आणि मुळात थेरपिस्टच्या जोडीनं वापरायचं म्हणून बनवलेलं.

झोपेचा वेळ कापणं सगळ्यांना चालत नाही. फिट्स येणारे, बायपोलर असलेले, रात्रपाळीचे ड्रायव्हर, किंवा कॅन्सर हाडांत गेल्यामुळे तोल जाऊन पडणं धोक्याचं असलेले, यांनी ते स्वतःच्या मनानं करू नये. प्लेटलेट्स कमी असतील तर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचण्याआधी ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारावं, आणि सूज असलेल्या हातात सुया टाळतात. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवत राहावंसं वाटणं असेल तर आधी स्लीप अ‍ॅप्निया आणि लोहाची कमतरता तपासावी लागते, कारण तिथे दुखणंच वेगळं असतं.