ईमॅक्सचा डंप: पत्त्यांकडून नावांकडे

सी प्रोग्रॅमची अवस्था डिस्कवर ठेवायची म्हटलं की घोडं पॉइंटरपाशी अडतं. पॉइंटरमधला मेमरीचा पत्ता त्या एका प्रोसेसपुरताच, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या एका चालण्यापुरताच, खरा असतो. ही अडचण कशी हाताळली गेली हे सलग पाहायचं तर जीएनयू ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचा सोर्स उघडावा; त्याचा गाभा सी मध्ये आणि बाकीचा बराच भाग लिस्प या भाषेत आहे.

1985 च्या यंत्रांवर दर वेळी ढीगभर लिस्प फायली वाचत बसणं परवडत नसे. म्हणून बिल्डमध्ये आधी नुसता सी गाभा असलेला टीमॅक्स तयार होई. तो लोडअप ही फाइल चालवून सगळं लिस्प मेमरीत घेई आणि अनएक्झेक नावाचा कोड ती मेमरी जशीच्या तशी नव्या एक्झिक्युटेबलच्या (चालवायच्या फाइलच्या) डेटा भागात लिहून टाकी. हाच डंप. पुढे कर्नल ती त्याच पत्त्यांवर चढवणार, त्यामुळे एकही पॉइंटर दुरुस्त करायला नको. युक्ती खरंच सुंदर होती. मात्र ईएलएफ, कॉफ, मॅकओएस, विंडोज अशा प्रत्येक एक्झिक्युटेबल फॉरमॅटला किंवा प्रणालीला वेगळा अनएक्झेक लिहावा लागला.

मग लिनक्सने मेमरीतले पत्ते विस्कटायला, म्हणजे दर वेळी वेगळे द्यायला, सुरुवात केली. डंप करताना ते विस्कटणं बंद ठेवावं लागे. त्याहून चिवट दुखणं मॅलॉकचं, म्हणजे सी मध्ये मेमरीचे ब्लॉक देणाऱ्या फंक्शनचं. जुन्या प्रोसेसने घेतलेले ब्लॉक नव्या प्रोसेसमध्ये फ्री होणार, म्हणजे मॅलॉकची आतली मांडणीही साठवायला हवी. ती सोय ग्लिबसी ही सी ची लायब्ररी देत असे, पण त्यापायी तिला स्वतःची मांडणी बदलता येईना. 2016 मध्ये ती सोय काढायचं ठरलं.

डॅनियल कोलॅशोनी यांनी लिहिलेला पोर्टेबल डंपर 2020 च्या ईमॅक्स 27 मध्ये आला. यात ऑब्जेक्ट वेगळ्या पीडीएमपी फाइलमध्ये जातात, सोबत रिलोकेशनची, म्हणजे पत्ते दुरुस्त करायच्या जागांची, यादी. फाइल कुठेही मॅप होवो, यादीतल्या प्रत्येक जागी पायाभूत पत्ता मिळवला की झालं. फाइलमध्ये एक्झिक्युटेबलचा ठसाही असतो. तो जुळला नाही तर डंप नाकारला जातो, आणि तेच योग्य, कारण स्ट्रक्टमधलं (सी मधल्या डेटाच्या मांडणीतलं) एक फील्ड सरकलं तरी सगळा डेटा चुकीचा वाचला जाईल.

ईमॅक्स 28 मध्ये लिस्पचा नेटिव्ह कोड (थेट प्रोसेसरवर चालणारा) लायब्ररीच्या रूपात डीएलओपन या फंक्शनने चढू लागला, तेव्हा पायाभूत पत्ताही पुरेना: ती लायब्ररी दर वेळी भलत्याच जागी चढते. म्हणून डंपमध्ये त्या लायब्ररीच्या ईएलएन फाइलचा मार्ग आणि फंक्शनचं सी मधलं नाव राहतं. सुरू होताना फाइल पुन्हा उघडायची, नावावरून पत्ता देणाऱ्या डीएलसिमने नाव शोधायचं आणि मिळालेला पत्ता जागेवर भरायचा. मार्गही दोन ठेवतात, इन्स्टॉल झालेला आणि बिल्ड डिरेक्टरीतला, कारण मेक इन्स्टॉलनंतर फाइल जागा बदलते.