कुक काउंटीतल्या जुन्या राजकारण्यांचं दफनस्थळ कसं शोधायचं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातली कुक काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) म्हणजे शिकागो शहर आणि त्याला लागून असलेली इव्हान्स्टन, ॲल्सिप, फॉरेस्ट पार्क अशी कितीतरी गावं. इथले जुने महापौर, ऑल्डरमन म्हणजे नगरसेवक, काउंटी बोर्डाचे सदस्य, आमदार कुठे पुरले गेले हे शोधणारे लोक बरेच असतात. कोणी स्थानिक इतिहास लिहीत असतं, कोणी विकिपीडियावरच्या चरित्रातला रिकामा रकाना भरत असतं, कोणी आपल्याच वस्तीच्या रस्त्याला ज्याचं नाव दिलंय तो माणूस कोण हे बघत असतं. पण "अमुक नेत्याचं दफन अमुक ठिकाणी झालं" असा दाखला देणारी एकही सरकारी कचेरी इथे नाही. मृत्यूची नोंद सरकारकडे असते, दफनाची नोंद दफनभूमीच्या कार्यालयात असते आणि दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे कागद दोन ठिकाणांहून आणायचे आणि ते एकमेकांशी जुळवायचे, हाच खरा मार्ग.

अर्ज कुठे करायचा, हे मृत्यू कुठे झाला त्यावर ठरतं. त्या माणसाने पद कुठे भूषवलं किंवा त्याला पुरलं कुठे, याचा त्याच्याशी संबंध नाही. सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. शिकागोचे महापौर अँटन सर्मॅक यांचं उदाहरण घ्या. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत त्यांना गोळी लागली आणि ६ मार्चला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर शिकागोच्या बोहेमियन नॅशनल सिमेट्रीत आहे, पण मृत्यूची नोंद फ्लोरिडा राज्याची. कुक काउंटीकडे अर्ज केला तर "नोंद सापडली नाही" असं उत्तर येणार. उलट शिकागोचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांचा मृत्यू १८७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला आणि दफनही तिथल्याच, ब्राँक्समधल्या वुडलॉन सिमेट्रीत. त्यांच्यासाठी कुक काउंटीत शोधण्यासारखं काही नाही.

अर्ज कोणाला करता येतो

इलिनॉयच्या कायद्यात मृत्यूला २० वर्षं पूर्ण झाली की ती नोंद वंशावळ-संशोधनासाठी खुली होते. मग नातं दाखवावं लागत नाही, कोणीही मागू शकतो. मिळते ती प्रत अप्रमाणित असते, म्हणजे तिच्यावर "फक्त वंशावळीच्या कामासाठी" अशा अर्थाचा शिक्का असतो. वारसाहक्काला किंवा विम्याला ती चालत नाही, पण दफनस्थळ बघायला पुरते.

२० वर्षांच्या आतली नोंद फक्त जवळचे नातेवाईक, मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा ज्याचा मालमत्तेशी वा वैयक्तिक हक्काशी थेट संबंध आहे अशाच माणसाला मिळते, आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो. महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन २५ नोव्हेंबर १९८७ ला पदावर असतानाच गेले, त्यांची नोंद कधीच खुली झाली. माजी महापौर जेन बर्न २०१४ च्या नोव्हेंबरात गेल्या, म्हणजे त्यांच्या दाखल्यासाठी परक्या माणसाने २०३४ पर्यंत अर्ज करण्यात अर्थ नाही. त्यांचं दफन इव्हान्स्टनच्या कॅल्व्हरी सिमेट्रीत झालं, आणि ही माहिती दाखल्याशिवायही दफनभूमीकडून व तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून मिळते. अलीकडच्या नेत्यांसाठी हाच रस्ता धरावा.

फ्लोरिडाचा नियम वेगळा आहे. तिथे मृत्यूचं कारण वगळलेली प्रत १८ वर्षांवरील कोणीही मागू शकतो, आणि कारणाचा भाग ५० वर्षांनंतर खुला होतो. दुसऱ्या राज्यात मृत्यू झालेला असेल तर इलिनॉयचा नियम डोक्यात ठेवून अर्ज भरू नका, त्या राज्याचा नियम वाचा.

अर्जाआधी सूची

अर्ज करण्यापूर्वी तास-दोन तास सूचींवर घालवले की पैसे वाचतात. इलिनॉय स्टेट आर्काइव्हजच्या १९१६ ते १९५० च्या मृत्यूसूचीत नाव, तारीख, काउंटी आणि दाखल्याचा क्रमांक फुकट बघायला मिळतो. फॅमिलीसर्च या वंशावळ-शोधाच्या संकेतस्थळावर कुक काउंटीच्या मृत्यूंची सूची १८७१ पासून पुढे आहे. तिथे खातं उघडावं लागतं, पण त्याला पैसे पडत नाहीत. या दुसऱ्या सूचीचा मोठा फायदा असा की पुष्कळ नोंदींत दफनाची तारीख आणि दफनभूमीचं नावही उतरवून घेतलेलं असतं. काही वेळा काम इथेच अर्धं होतं.

१८७१ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या ऑक्टोबरात शिकागोची मोठी आग लागली आणि काउंटीच्या त्याआधीच्या नोंदी जळून गेल्या. १८७१ पूर्वी वारलेल्या नगरसेवकाचा मृत्यू दाखला मागणारा अर्ज कितीही नीट भरला तरी उपयोग नाही. मृत्यूची नोंद काउंटी क्लर्ककडे (काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) करण्याचा राज्याचा कायदा १८७७ चा, आणि राज्य पातळीवरची नोंदणी १९१६ पासूनची. मधल्या काळात, विशेषतः गावाकडच्या भागात, नोंदी गाळलेल्याही आहेत.

नावाचं स्पेलिंग हा स्वतंत्र विषय आहे. सर्मॅक मूळचे चेक, त्यांचं आडनाव चेर्माक असं उच्चारलं जातं. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय ऑल्डरमन ऑस्कर डी प्रीस्ट यांचं आडनाव कुठे जोडून, कुठे तोडून लिहिलेलं असतं, आणि यंत्रासाठी ती दोन वेगळी आडनावं असतात. कार्टर हॅरिसन नावाचे बापलेक दोघेही शिकागोचे महापौर होते आणि दोघेही ग्रेसलँड सिमेट्रीत आहेत. वडिलांचा खून २८ ऑक्टोबर १८९३ ला झाला, मुलगा १९५३ मध्ये वारला. मृत्यूचं वर्ष न देता नुसतं नाव पाठवलं तर कोणाची नोंद हाती येईल ते सांगता येत नाही. तारखेतही सावध राहा: अमेरिकेत महिना आधी लिहितात. ३/६/१९३३ हे आपल्या सवयीने ३ जून वाटेल, पण ती ६ मार्चची तारीख आहे.

अर्जासोबत काय लागतं

काउंटी क्लर्कच्या जन्ममृत्यू नोंदणी विभागाकडे, किंवा १९१६ नंतरच्या मृत्यूसाठी स्प्रिंगफिल्डच्या राज्य आरोग्य विभागाकडे अर्ज करता येतो. कुक काउंटीतल्या मृत्यूसाठी काउंटीकडेच जावं, जुन्या नोंदी त्यांच्याकडेच आहेत. वंशावळीच्या प्रतीसाठी वेगळा फॉर्म असतो. प्रमाणित प्रतीचा फॉर्म भरला तर नात्याचा पुरावा मागून अर्ज परत पाठवतात. फॉर्मवर पूर्ण नाव, मृत्यूची तारीख किंवा निदान वर्ष, मृत्यूचं ठिकाण आणि माहीत असेल तर दाखल्याचा क्रमांक लिहायचा. सोबत सरकारी फोटो ओळखपत्राची प्रत हवी. अमेरिकेत राहणाऱ्याला ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, भारतातून अर्ज करणाऱ्याने पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्वच्छ प्रत जोडावी. आधार कार्ड पाठवू नका, तिथल्या कारकुनाला ते तपासता येत नाही.

फी ही शोधाची असते. नोंद सापडली नाही तरी ती परत मिळत नाही, फक्त "नोंद नाही" असं उत्तर येतं. म्हणूनच आधी सूची बघा असा आग्रह. भारतातून अर्ज करताना खरी अडचण डॉलरमधल्या चेकची किंवा मनी ऑर्डरची येते. तिथे कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून चेक काढून, त्यांच्याच पत्त्यावर प्रत मागवणं सोपं पडतं.

दाखल्यावर काय वाचायचं

दाखला हातात आला की सगळे वरचा भाग वाचतात. तुमच्या कामाचा भाग खाली आहे. जुन्या नमुन्यात "दफन, दहन किंवा स्थलांतराचं ठिकाण", त्याची तारीख आणि अंत्यसंस्कार करणाऱ्याचं नाव असे रकाने असतात. नव्या नमुन्यात आधी प्रकार असतो: दफन, दहन, देहदान, समाधीघरात ठेवणं, राज्याबाहेर नेणं. त्यानंतर ठिकाण. "रिमूव्हल" लिहिलेलं दिसलं तर देह काउंटीबाहेर गेला असं समजून पुढचा शोध तिकडे न्यायचा.

या रकान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दाखला भरला जातो तो दफनाच्या आधी, त्यामुळे तिथे ठरवलेलं ठिकाण लिहिलेलं असतं. थंडीत जमीन गोठलेली असताना देह दफनभूमीच्या तात्पुरत्या कोठीत ठेवून वसंतात पुरत, आणि तोवर घरच्यांनी बेत बदललेलाही असू शकतो. पुढे कबर हलवली गेली तर ते मूळ दाखल्यावर येत नाही. शिकागोतलं आजचं लिंकन पार्क हे एकेकाळचं सिटी सिमेट्री. तिथल्या कबरी १८६० च्या दशकापासून हलवल्या गेल्या, आणि त्या काळातल्या माणसांची कबर ग्रेसलँड, रोझहिल अशा दफनभूमींत मिळते.

दफनभूमीची नावंही फसवतात. माउंट ऑलिव्ह शहराच्या उत्तरेकडे आणि माउंट ऑलिव्हेट दक्षिणेला, या दोन वेगळ्या दफनभूमी आहेत, आणि घाईत लिहिणाऱ्याने एका अक्षराने माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलेला असतो. नुसतं "वॉल्डहाईम" लिहिलेलं असेल तर फॉरेस्ट पार्कमधली जर्मन वॉल्डहाईम, जी आता फॉरेस्ट होम म्हणून ओळखली जाते, की ज्यू वॉल्डहाईम हे ठरवावं लागतं. ज्यू वॉल्डहाईमच्या आत वेगवेगळ्या संस्थांचे स्वतंत्र भाग आहेत. माणूस कोणत्या संस्थेचा सभासद होता ते माहीत नसेल तर तिथे फिरून कबर सापडणं अवघड आहे.

दफनभूमीकडे विचारणा

आता दफनभूमीच्या कार्यालयाला लिहायचं. नाव, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख आणि दाखल्याची प्रत इतकं पाठवा, आणि उत्तरात तीन गोष्टी मागा: सेक्शन (दफनभूमीचा विभाग), लॉट (त्यातला विकत घेतलेला तुकडा), ग्रेव्ह (प्रत्यक्ष कबर). फक्त "हो, आमच्याकडे आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका. दफनभूमीत सहसा दोन वह्या असतात. एक लॉटच्या मालकाच्या नावाने, दुसरी पुरलेल्या माणसाच्या नावाने. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि कसणारा दुसरा असावा तसं इथे घडतं: नगरसेवक पुरलेला असतो सासऱ्याच्या लॉटमध्ये, आणि कारकुनाने मालकांची वही बघून "हे नाव आमच्याकडे नाही" असं कळवलेलं असतं. नकार आला तर दुसरी वही बघण्याची विनंती करा, आणि बायकोचं माहेरचं आडनावही कळवा.

कॅथलिक नेत्यांसाठी शिकागोच्या धर्मप्रांताच्या दफनभूमींचा एकत्रित शोध करता येतो. हे मोठंच सोयीचं आहे, कारण शहराच्या राजकारणात आयरिश कॅथलिक फार होते. महापौर रिचर्ड जे. डेली १९७६ मध्ये वारले, त्यांची कबर ॲल्सिपच्या होली सेपल्करमध्ये. महापौर एडवर्ड केली आणि पहिल्या वॉर्डचे प्रसिद्ध ऑल्डरमन जॉन कॉफलिन इव्हान्स्टनच्या कॅल्व्हरीत. खाजगी दफनभूमींत प्रत्येकीला वेगळं विचारावं लागतं: महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन आणि विल्यम हेल थॉम्प्सन ओक वुड्समध्ये आहेत, महापौर जॉन वेंटवर्थ रोझहिलमध्ये उंच स्तंभाखाली. काही ठिकाणी वंशावळ-शोधाची वेगळी फी घेतात आणि उत्तराला आठवडे लागतात, कारण रोजच्या दफनांचं काम आधी असतं. आठवणीचं पत्र सौम्य भाषेत पाठवा. हे लोक मदत करतात, पण ती त्यांच्यावर सक्ती नाही.

इलिनॉयचा माहिती अधिकार कायदा इथे अर्धाच उपयोगी आहे. गावाच्या किंवा टाउनशिपच्या मालकीची दफनभूमी असेल तर लेखी अर्जाला ५ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मुदत आणखी ५ दिवस वाढवता येते, आणि साध्या काळ्यापांढऱ्या प्रतींची पहिली ५० पानं फुकट असतात. खाजगी किंवा चर्चच्या दफनभूमीला हा कायदा लागू नाही. दफनभूमींनी नोंदी नीट ठेवाव्यात यासाठी राज्याने २०१० मध्ये देखरेखीचा कायदा केला. त्याआधी २००९ मध्ये ॲल्सिपच्या बर ओक दफनभूमीत जुन्या कबरी उकरून जागा पुन्हा विकल्याचं उघड झालं होतं. तिथली एखादी नोंद जुळली नाही तर ती तुमची चूक मानून शोध सोडू नका.

कागद मिळालाच नाही तर

सर्किट कोर्टाच्या क्लर्ककडचं अभिलेखागार शिकागोच्या डेली सेंटरमध्ये आहे. तिथल्या प्रोबेट फायली, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या वाटपाच्या कोर्टातल्या फायली, हा सगळ्यात दुर्लक्षित खजिना. मालमत्तेच्या हिशेबात अंत्यसंस्काराचं बिल, लॉटची खरेदी, दगड घडवणाऱ्याची पावती जोडलेली असते आणि त्यावर दफनभूमीचं नाव असतं. फाईल बाहेरच्या गोदामातून मागवावी लागू शकते, म्हणून आधी क्रमांक शोधून मागणी नोंदवा आणि मगच जा. खून किंवा अपघाती मृत्यू असेल तर कॉरोनरच्या, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदी पाहाव्यात. १८७२ ते १९११ ची त्यांची सूची स्टेट आर्काइव्हजकडे आहे. सैन्यात राहिलेल्या नेत्यासाठी केंद्र सरकारच्या माजी सैनिक विभागाचा कबर-शोधही बघून ठेवावा.

फाइंड अ ग्रेव्हसारख्या संकेतस्थळावरची नोंद सुरुवातीला धागा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. तिथे कबर आणि नुसतं स्मारक यांची सरमिसळ होते. दगडावर नाव आहे म्हणजे खाली माणूस आहेच असं नाही. कुटुंबाच्या दगडावर दुसरीकडे पुरलेल्याचं नावही कोरतात.

प्रत्यक्ष जाणार असाल तर फोटो काढण्याबद्दल कार्यालयात विचारून घ्या, दगडावर कागद ठेवून पेन्सिल घासू नका, अक्षरं वाचायला खडू किंवा साबण लावू नका. जुना संगमरवर त्याने झिजतो, आणि कबरीच्या दगडाला इजा करणं इलिनॉयमध्ये गुन्हा आहे.

शेवटची नोंद लिहिताना दफनभूमी, गाव, काउंटी, सेक्शन, लॉट, ग्रेव्ह आणि ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली ते तारखेसकट लिहा. गावाच्या जागी सरसकट "शिकागो" लिहू नका. कॅल्व्हरी इव्हान्स्टनमध्ये आहे, होली सेपल्कर ॲल्सिपमध्ये. दफनभूमीचं उत्तर ईमेलने आलं असेल तर त्याची पीडीएफ करून दाखल्याच्या प्रतीसोबत ठेवा. दफनभूमींचे मालक बदलतात, कार्यालयं हलतात, आणि तेच उत्तर दुसऱ्यांदा मागितल्यावर मिळेलच असं नाही.