चौदावा लुई आणि फ्रान्समधील अनियंत्रित राजसत्ता

फ्रान्सचा राजा चौदावा लुई (5 सप्टेंबर 1638 – 1 सप्टेंबर 1715) हा वयाची पाच वर्षेही पूर्ण झालेली नसताना, 14 मे 1643 रोजी गादीवर आला आणि मृत्यूपर्यंत म्हणजे 72 वर्षे 110 दिवस राजा राहिला. अनियंत्रित राजसत्तेचा नमुना म्हणून यूरोपच्या इतिहासात त्याच्याच कारकिर्दीकडे बोट दाखवले जाते. त्या काळच्या फ्रेंच कायदेपंडितांच्या लेखी मात्र या शब्दाचा अर्थ मर्यादित होता. राजाचा अधिकार ईश्वरदत्त असून कायदा करताना त्याला कोणाच्या संमतीची गरज नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते. गादीचा वारसाक्रम बदलणे किंवा राजघराण्याचा मुलूख विकून टाकणे राजाच्याही हाती नाही, असे तेच पंडित मानत. ‘राज्य म्हणजे मीच’ हे त्याच्या नावावर खपणारे वाक्य त्याने उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. त्याचा कारभार जवळून पाहिला तर हुकमापेक्षा देवघेवीचाच भाग त्यात अधिक भरतो.

लुईच्या बालपणी राज्यकारभार आई ऑस्ट्रियाची ॲन आणि मुख्य मंत्री कार्डिनल माझारँ यांच्या हाती होता. नवे कर आणि वाढता केंद्रीय अंमल यांविरुद्ध 1648 मध्ये प्रथम पॅरिसच्या पार्लमाँने आणि पुढे बड्या सरदारांनी बंड केले. ते ‘फ्रोंद’ या नावाने ओळखले जाते व 1653 पर्यंत चालले. (पार्लमाँ ही लोकसभा नव्हती, ते वरिष्ठ न्यायालय होते आणि राजाचे फर्मान तेथे नोंदवले गेल्यावरच अमलात येई.) जानेवारी 1649 मध्ये राजकुटुंबाला रातोरात पॅरिस सोडावे लागले. फेब्रुवारी 1651 मध्ये राजा पुन्हा पळाला अशी आवई उठली, तेव्हा पॅरिसकरांचा जमाव राजवाड्यात शिरला, आणि ॲनने त्यांना अंथरुणात झोपलेला बारा वर्षांचा राजा दाखवून परत पाठवले. पॅरिसविषयीची त्याची पुढची नावड या दिवसांतून आली असे सर्रास म्हटले जाते; ते खरे असेलही, पण सरदारांना सतत नजरेसमोर ठेवण्याची त्याची सवय याच अनुभवाचा अधिक स्पष्ट परिणाम दिसते.

माझारँ 9 मार्च 1661 रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी बावीस वर्षांच्या लुईने, यापुढे मुख्य मंत्री नेमला जाणार नाही आणि आपल्या आज्ञेवाचून कोणत्याही कागदावर सही-शिक्का होणार नाही, असे जाहीर केले. सर्वोच्च मंत्रिमंडळातून त्याने आई, भाऊ आणि राजवंशातील इतर पुरुष यांना वगळले व तेथे ल तेलिए, लिओन आणि कोलबेर हे आपल्याच मर्जीवर वर आलेले कारभारी बसवले. अर्थखात्याचा प्रमुख फूके याने ऑगस्टमध्ये आपल्या नव्या प्रासादात राजाला दिलेली मेजवानी डोळ्यांत भरण्याइतकी थाटाची ठरली, आणि 5 सप्टेंबर रोजी त्याला अटक झाली. तो पुढे 1680 मध्ये कैदेतच मेला. त्याचा प्रासाद उभारणारे वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रँ आणि उद्यानरचनाकार ल नोत्र हे तिघेही राजाच्या कामावर रुजू झाले.

कोलबेरने हिशेब शिस्तीत आणले, गोबलँ येथे राजाश्रयाचे कारखाने चालवले आणि भूमध्य समुद्राला गारोन नदीशी जोडणाऱ्या कालव्याला पाठबळ दिले. दिवाणी, फौजदारी व व्यापारी कायद्यांच्या संहिता अनुक्रमे 1667, 1670 आणि 1673 मध्ये निघाल्या. प्रांतोप्रांती ‘अँतांदाँ’ नावाचे अधिकारी राजाचे डोळे आणि कान म्हणून काम करू लागले. पण त्यांची संख्या तिसाच्या आसपास होती आणि त्यांच्या हाताखालचे बहुतेक न्यायाधीश व करअधिकारी आपली पदे विकत घेऊन बसलेले होते. अशी 45,000हून अधिक पदे राज्यात होती; ठराविक वार्षिक रक्कम भरली की पद मुलाकडे जाई. मराठी वाचकाला येथे वतनदारी आठवेल; फरक इतकाच की ही वतने राजाने रोख रकमेला विकलेली होती आणि पैसे परत केल्याशिवाय ती काढून घेता येत नव्हती. अप्रत्यक्ष करांची वसुली इजाऱ्याने दिलेली असे आणि इजारदार राजालाच आगाऊ रकमा व्याजाने देत. ‘ताय’ हा मुख्य प्रत्यक्ष कर बहुतांशी शेतकरी भरी, कारण सरदार व धर्मगुरू यांना त्यातून सूट होती. लांगदोकसारख्या प्रांतांत स्थानिक सभेशी दरवर्षी रकमेची घासाघीस करावी लागे, आणि वसुलीचा बराच वाटा तेथल्याच प्रतिष्ठितांच्या पदरात राही. राजाशी एकनिष्ठ राहण्यात त्यांचा फायदा होता, म्हणून ते एकनिष्ठ राहिले. जेथे अशी वाटणी नव्हती तेथे बळ वापरले गेले. 1675 मध्ये मुद्रांकित कागदावरील करावरून वायव्य फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात उठाव झाला, तो सैन्य घालून मोडण्यात आला. 1673 मध्ये पार्लमाँने फर्मान आधी नोंदवावे आणि हरकत मागाहून घ्यावी असे ठरवून राजाने तिचा आवाज बंद केला, तरी तेथल्या न्यायाधीशांची विकत घेतलेली पदे मात्र शाबूत राहिली.

या देवघेवीचे सर्वांत झगझगीत दालन म्हणजे व्हर्साय. बापाच्या शिकारखान्याभोवती वाढवत नेलेल्या या प्रासादात 6 मे 1682 रोजी दरबार कायमचा हलला. 1685 मध्ये तेथील बांधकामावर सुमारे 36,000 माणसे राबत होती. राजाचे उठणे, कपडे करणे, जेवणे आणि निजणे हे सारे शिरस्त्याने बांधलेले सोहळे होते व त्यांत कोणी कोठे उभे राहायचे हे मानपानाने ठरलेले असे. रात्री निजताना राजा प्रार्थना करी, मग जमलेल्यांवरून नजर फिरवून एकाचे नाव घेई आणि त्या मानकऱ्याने राजाचे कपडे उतरेपर्यंत मेणबत्तीचे शमादान हाती धरायचे. खोलीत भरपूर उजेड असला तरी हा मान मिळावा म्हणून ड्यूक मंडळी झुरत, असे दरबारी सँ-सिमोंच्या आठवणींत आहे. हे हास्यास्पद वाटते. पण सैन्यातली नेमणूक, पेन्शन, मुलीसाठी हुंडा किंवा धर्मपीठाचे उत्पन्न हे सारे राजाच्या याच नजरेतून मिळत असल्यामुळे, फ्रोंदमध्ये तलवार उपसणाऱ्यांची मुले व नातवंडे शमादानासाठी रांगेत उभी राहिली. जागा कोरडी असल्यामुळे कारंज्यांना पाणी मात्र कधीच पुरले नाही. सीन नदीचे पाणी चढवणारे 14 चाकांचे मार्लीचे यंत्र उभारल्यानंतरही, राजा फिरायला निघाला की बागेतले कामगार शिट्टीने एकमेकांना इशारा देत आणि तो ज्या कारंज्याजवळ येई तेवढेच सोडत.

धर्माच्या बाबतीत लुईने तडजोड नाकारली. प्रॉटेस्टंट पंथीयांना 1598 मध्ये नांत येथील फर्मानाने दिलेले संरक्षण त्याने ऑक्टोबर 1685 मध्ये रद्द केले. त्याआधीच त्यांच्या घरी घोडेस्वार शिपाई उतरवून, घरमालकाने पंथ बदलेपर्यंत त्यांना तेथेच खाऊ-पिऊ घालायला लावण्याची युक्ती अधिकाऱ्यांनी वापरली होती. देश सोडण्यास बंदी असूनही सुमारे दोन लाख लोक हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग, स्वित्झर्लंड येथे निघून गेले. त्यांत विणकर, घड्याळजी, व्यापारी आणि सैनिक होते. कॅथलिक फ्रान्समध्ये या निर्णयाचे कौतुकच झाले, हेही नोंदवले पाहिजे.

मोठी युद्धे चार झाली : 1667–68, 1672–78, 1688–97 आणि स्पॅनिश वारसायुद्ध, 1701–14. त्यांतून फ्लँडर्सचा काही भाग आणि फ्रांश-कोंते हे प्रदेश मिळाले, 1681 मध्ये शांततेच्या काळातच ताब्यात घेतलेले स्ट्रासबुर्ग टिकले आणि लष्करी अभियंता व्होबां याने सरहद्दीवर किल्ल्यांची साखळी उभारली. किंमत मात्र जबर होती. 1689 मध्ये व्हर्सायमधील चांदीचे सामान वितळवून नाणी पाडावी लागली. 1693–94 च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसे मेली आणि 1709 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पेरलेला गहू जमिनीतच गोठला. त्या वर्षी शत्रूंनी तहासाठी अट घातली की स्पेनच्या गादीवरील स्वतःच्या नातवाला लुईनेच हुसकावून लावावे. तेव्हा 12 जून रोजी त्याने प्रांतांच्या सुभेदारांना पत्र लिहून, तह का नाकारला हे प्रजेला समजावून सांगण्यास कळवले. ते छापून गावोगावी वाटले गेले. कोणाच्याही संमतीची गरज नसलेला राजा प्रजेपुढे कारणे मांडतो, हा या कारकिर्दीतला मला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो.

भारताशी या राजवटीचा संबंध 1664 मध्ये कोलबेरने स्थापलेल्या फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीमार्फत आला. तिची वखार 1668 मध्ये सुरतेस निघाली. पुढे पुदुच्चेरी येथे बस्तान बसवणाऱ्या फ्रांस्वा मार्तँने 1677 मध्ये, शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर असताना, त्यांच्याकडे वकील पाठवून तेथे राहण्याची परवानगी मिळवली. 1693 मध्ये डचांनी हे ठाणे घेतले आणि 1697 च्या तहाने ते फ्रेंचांना परत मिळाले.

लुईचा मुलगा 1711 मध्ये वारला, तर 1712 मध्ये नातू आणि थोरला हयात पणतू असे दोन वारस काही आठवड्यांच्या अंतराने गेले. उरलेला वारस धाकटा पणतू होता व राजाच्या मृत्यूसमयी तो पाच वर्षांचा होता. पुतण्या ऑर्लेआंच्या ड्यूकवर विश्वास नसल्यामुळे लुईने 1714 मध्ये मृत्युपत्र करून त्याचे अधिकार आखडले, आपल्या अनौरस पण औरस ठरवून घेतलेल्या मुलाला बाळराजाच्या संगोपनाचा अधिकार दिला आणि हे मृत्युपत्र पॅरिसच्या पार्लमाँकडे सोपवले. तेथे एका बुरुजाच्या भिंतीत पोकळी खोदून, लोखंडी दारामागे, तीन किल्ल्यांच्या बंदोबस्तात ते ठेवण्यात आले. पायाला गँग्रीन होऊन राजा 1 सप्टेंबर 1715 रोजी वारला. राज्यावर 2 अब्ज लिव्रांच्या (लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन) वर कर्ज होते. दुसऱ्याच दिवशी पार्लमाँने मृत्युपत्र उघडले, वाचले आणि ऑर्लेआंला पूर्ण अधिकार देऊन ते बाजूला ठेवले. 1673 मध्ये काढून घेतलेला, फर्मान नोंदवण्याआधी हरकत घेण्याचा हक्क तिला दोन आठवड्यांच्या आत परत मिळाला.