एएसए की एसीएमएस? गणितातल्या ख्रिस्ती माणसाने आधी कुठे जावं

माझा भाचा अमेरिकेत इलिनॉयमध्ये संख्याशास्त्रात पीएचडी करतोय. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "आत्या, इथल्या चर्चमधले एक प्राध्यापक म्हणतात, उन्हाळ्यात एएसएच्या अधिवेशनाला चल. मी तर आधीपासूनच एएसएचा विद्यार्थी सभासद आहे. पण ते तिथल्या प्रार्थनेबद्दल बोलत होते. काहीतरी घोळ आहे ना?"

घोळ होताच. त्याची एएसए म्हणजे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन, 1839 साली बॉस्टनमध्ये सुरू झालेली संख्याशास्त्रज्ञांची संस्था. तिचा धर्माशी काही संबंध नाही, तेव्हा तिला इथेच बाजूला ठेवते. प्राध्यापकांची एएसए म्हणजे अमेरिकन सायंटिफिक अफिलिएशन, विज्ञानात काम करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची संघटना. आणि गणित किंवा कॉम्प्युटर शिकवणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आधी जिचं दार ठोठवावं असं मला मनापासून वाटतं, ती तिसरीच: असोसिएशन ऑफ ख्रिश्चन्स इन द मॅथेमॅटिकल सायन्सेस, म्हणजे एसीएमएस.

या दोन ख्रिस्ती संघटनांची गल्लत नेहमी होते, आणि बाहेरून पाहिलं तर व्हायलाच हवी. दोन्ही अमेरिकेतल्या, दोन्हींत प्राध्यापकांचा भरणा. दोन्हींची अधिवेशनं कॉलेजांना सुट्टी लागल्यावर होतात, दोन्हींकडे निबंध छापून येतात, सभासद होताना दोन्हींकडे आपला विश्वास मांडावा लागतो. बरेच जण दोन्हींचे सभासद असतात. मग एकीचं काम दुसरीने भागत नाही का? माझं उत्तर नाही असं आहे. पण "एक विज्ञानाची, दुसरी गणिताची" एवढं म्हणून भागत नाही. दोन्हीकडचा मूळ प्रश्नच वेगळा आहे.

आधी थोरली. 1941 साली शिकागोत मूडी बायबल इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांच्या निमंत्रणावरून पाच माणसं जमली आणि एएसए सुरू झाली. पहिले अध्यक्ष एफ. ऑल्टन एव्हरेस्ट ऑरेगॉनमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवत. त्या काळी अमेरिकेतल्या चर्चमध्ये विज्ञानाचं नाव काढलं की मागोमाग उत्क्रांतीचा वाद यायचा. पृथ्वीचं वय किती, जलप्रलय कसा समजायचा, बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय कसा वाचायचा, याच प्रश्नांनी या संघटनेची पहिली पंचवीस वर्षं घडवली. 1949 पासून तिचं त्रैमासिक निघतंय. पृथ्वीचं वय फार मोठं आहे हे मान्य करणारे भूवैज्ञानिक तिथे मोकळेपणाने लिहू लागले, तसे काही सभासद दुखावले. त्यांच्यातल्या काहींनी 1963 साली क्रिएशन रिसर्च सोसायटी नावाची वेगळी चूल मांडली. एएसए मात्र टिकली. तिचा नियम मला फार आवडतो: ख्रिस्ती माणसांमध्ये ज्यावर प्रामाणिक मतभेद आहेत, त्यावर संघटना म्हणून बाजू घ्यायची नाही. रविवारी उपासनेत आपण म्हणतो तो प्रेषितांचा मतांगीकार आणि नायसियाचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरलेली निवेदनं), एवढी पायरी सर्वांना समान. त्यावर उभं राहून जीवशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, इंजिनिअर, मानसशास्त्रज्ञ एकमेकांशी वाद घालतात, आणि अधिवेशन दर उन्हाळ्यात भरतं.

आता धाकटी. 1977 साली व्हीटन कॉलेजमध्ये रॉबर्ट ब्राबेनेक या गणिताच्या प्राध्यापकांनी एक परिषद बोलावली. विषय होता गणिताचा पाया आणि ख्रिस्ती दृष्टी. व्हीटन शिकागोपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. म्हणजे जागेच्या हिशेबाने दोन्ही संघटना शेजारणीच, मध्ये काळ मात्र छत्तीस वर्षांचा. पुढे दर दोन वर्षांनी परिषद भरत गेली. कधी कॅलिफोर्नियातलं वेस्टमाँट, कधी मिनेसोटातलं बेथेल, 2015 साली कॅनडातलं रिडीमर. 2019 सालची बाविसावी परिषद इंडियाना वेस्लियनमध्ये झाली.

गणितवाल्यांना वेगळं का बसावंसं वाटलं? कारण त्यांच्या टेबलावर जीवाश्म नाहीत. विश्वाच्या वयाचा प्रश्न भौतिकीच्या वर्गात येतो, माकडाचा जीवशास्त्राच्या. कॅल्क्युलसच्या वर्गात बायबलशी भांडण असं होतच नाही. पण म्हणून प्रश्न सुटला असं नाही, उलट तो जास्त अवघड होतो. पायथागोरसचा सिद्धांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, नास्तिक सगळ्यांना सारखाच लागू आहे. मग गणिताचा ख्रिस्ती प्राध्यापक आणि नुसता गणिताचा प्राध्यापक यांच्यात फरक काय? वर्ग प्रार्थनेने सुरू करायचा एवढाच? भौतिकीवाल्या ख्रिस्ती माणसाला "दोन गोष्टी जुळतात कशा" असं विचारलं जातं. गणितवाल्याला विचारलं जातं, "दोघांचा संबंधच काय?" एसीएमएस हा दुसरा प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षं धरून बसलेली आहे.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा, कारण तो माझ्या सहकाऱ्यांमध्येही होता. ही "ख्रिस्ती गणिता"ची संस्था नाही. नावातच ते आहे: गणिती शास्त्रांमधले ख्रिस्ती लोक. तिथल्या परिषदेत आलेखसिद्धान्तावर किंवा अवकल (डिफरन्शियल) समीकरणांवर साधे, सरळ, देवाचं नावही न घेणारे शोधनिबंध वाचले जातात. शेजारच्या खोलीत कोणी "संख्या शोधल्या जातात की निर्माण केल्या जातात" यावर बोलत असतो. आणखी एका खोलीत कॉम्प्युटरचे प्राध्यापक अल्गोरिदमच्या नीतीवर बोलत असतात. तिन्ही एकाच छपराखाली, आणि कोणी कोणाला कमी ख्रिस्ती ठरवत नाही.

गणिताचाही विश्वासाशी संबंध असतो, या विचाराला डच रिफॉर्म्ड परंपरेचं, म्हणजे नेदरलँड्समधल्या एका प्रोटेस्टंट परंपरेचं, मोठं पाठबळ आहे. 1880 साली आम्स्टरडॅममध्ये फ्री युनिव्हर्सिटी सुरू करताना डच धर्मपंडित अब्राहम कायपर म्हणाले होते की ज्याला ख्रिस्त "हे माझं" म्हणत नाही अशी तसूभर जागाही माणसाच्या जीवनात नाही. मिशिगनमधलं कॅल्विन किंवा आयोवामधलं डॉर्ट ही याच परंपरेतली महाविद्यालयं. त्यांच्या दृष्टीने गणित तटस्थ आहे असं म्हणणं म्हणजे एक खोली देवाच्या घराबाहेर ठेवणं. दुसऱ्या परंपरांतले लोक म्हणतात, सिद्धता ती सिद्धता, तिला धर्म नसतो. हा वाद अजून चालू आहे. मी स्वतः मधे कुठेतरी उभी आहे. सिद्धतेला धर्म नाही हे खरं, पण ती फळ्यावर लिहिणाऱ्याला आहे, आणि समोर बसलेल्या पोरांना ते कळतं.

भाच्याच्याच विषयातलं एक उदाहरण देते. नवा पुरावा हाती आला की आधीची शक्यता कशी बदलायची ते सांगणारा संख्याशास्त्रातला बेझचा सिद्धांत ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते थॉमस बेझ इंग्लंडमधले प्रेस्बिटेरियन पाळक. ते 1761 साली वारले. 1763 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध केला त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी, तेही पाळकच. प्रस्तावनेत प्राइस यांनी लिहिलं की हा नियम जगातली सुसूत्रता आणि तिच्यामागचा कर्ता सिद्ध करायला कामी येईल. आता वर्गात बेझ शिकवताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "मग येशूच्या पुनरुत्थानाची शक्यता काढता येईल का?"

मी शिकवताना काय करायचे ते सांगते. फळ्यावर एक रक्तचाचणी मांडायची. हजारात एकाला असणारा आजार. रोगी असेल तर चाचणी 99 टक्के वेळा बरोबर सांगते, निरोगी असेल तर 5 टक्के वेळा चुकते. चाचणी पॉझिटिव्ह आली तर रोग असण्याची शक्यता किती? वर्ग एका सुरात म्हणतो, 95 टक्के. हिशेब करायला लावायचा: हजारात खरा रोगी एक, खोटे पॉझिटिव्ह जवळपास पन्नास. उत्तर येतं सुमारे 2 टक्के. मग तीच चाचणी, पण आजार दहात एकाला आहे असं धरायचं: हजारात खरे पॉझिटिव्ह 99, खोटे 45. उत्तर सुमारे 69 टक्के. चाचणी तीच, आकडा वेगळा, कारण तुम्ही आधी काय धरून चाललात त्यावर सगळं अवलंबून. एवढं झालं की पुनरुत्थानाच्या प्रश्नाकडे वळायचं आणि प्रामाणिकपणे सांगायचं: सूत्र तुमच्या आधीच्या समजुतीला तर्कशुद्धपणे पुढे नेतं, ती समजूत कुठून आणायची हे ते सांगत नाही. "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा आकड्यांनाही लागू आहे असं मला वाटतं. श्रद्धेच्या बाजूने दिलेली खोटी आकडेवारी ही खोटी साक्षच.

असा तास कसा घ्यायचा, मुस्लिम किंवा नास्तिक विद्यार्थी समोर असताना त्यांचा मान राखून कसा घ्यायचा, हे एएसएच्या अधिवेशनात क्वचितच कोणी बोलेल. एसीएमएसमध्ये ती रोजची गोष्ट आहे. याचं कारण व्यवहाराचंही आहे. अमेरिकेतली ख्रिस्ती महाविद्यालयं बहुतेक लहान. गणित आणि कॉम्प्युटर मिळून विभाग एकच, माणसं पाच-सहा. टोपोलॉजीत पीएचडी केलेला माणूस कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि पायथन प्रोग्रामिंग तिन्ही शिकवतो. त्यातच अनेक महाविद्यालयं नोकरीत कायम करण्याआधी आपल्या विषयाचं आणि विश्वासाचं नातं मांडणारा निबंध मागतात. नवख्या माणसाला काय लिहावं ते सुचत नाही. म्हणून परिषदेच्या आधी नव्या प्राध्यापकांसाठी कार्यशाळा ठेवतात. परिषदेत सगळे महाविद्यालयाच्याच वसतिगृहात राहतात, तिथल्याच मेसमध्ये जेवतात, सकाळी एकत्र भक्ती करतात. माणसं कमी असतात, पण त्यातलं कोणी अनोळखी राहत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांना माझं नेहमीचं उदाहरण डोनाल्ड क्नुथ यांचं. संगणकशास्त्रातला मोठा मान असलेला ट्युरिंग पुरस्कार 1974 साली मिळवलेला हा शास्त्रज्ञ लुथरन. बायबलचा अभ्यास करायचा तर त्यांनी प्रत्येक पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन उचललं आणि फक्त त्या वचनाचा कसून अभ्यास केला. योहान 3:16 आपल्यालाही पाठ असतं, "देवाने जगावर एवढी प्रीती केली की". पण बाकीच्या पुस्तकांतली 3:16 कोण वाचतं? प्रचंड मोठ्या संचातून ठरावीक जागचा नमुना घ्यायचा, ही त्यांच्या व्यवसायातलीच पद्धत. विश्वास आणि कॉम्प्युटरविद्या कुठे भेटतात ते या एका कृतीत जसं दिसतं, तसं मला दुसरीकडे फारसं दिसलेलं नाही. कुठला वाद नाही, समर्थन नाही, एका माणसाची कामाची रीत त्याच्या प्रार्थनेत उतरली आहे.

एएसएला मी कमी लेखत नाही. भाचा उद्या जीवशास्त्रज्ञांसोबत डेटावर काम करायला लागला, किंवा चर्चमधल्या तरुणांनी त्याला उत्क्रांतीबद्दल खोदून विचारलं, तर एएसएतल्यासारखी प्रगल्भ चर्चा त्याला दुसरीकडे सहज मिळणार नाही. पण वादाची भूक घेऊन एसीएमएसमध्ये गेलं तर तिथे फार शांत वाटेल. आणि उद्याचा तास कसा घेऊ हा प्रश्न घेऊन एएसएमध्ये गेलं तर हात हलवत परतावं लागेल.

हे सगळं फोनवर सांगून झालं, तेव्हा त्याच्याकडे पहाटेचे दोन वाजले होते. "आत्या, एसीएमएसची परिषद कधी असते मग?" दोन वर्षांतून एकदा, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला. पण तेवढंही थांबायला नको. जानेवारीत गणितवाल्यांची मोठी जॉइंट मॅथेमॅटिक्स मीटिंग्ज भरते, तिथे एसीएमएस आपल्या लोकांसाठी भेटीचा आणि व्याख्यानाचा कार्यक्रम ठेवत आलेली आहे. भाच्याच्या गाइडबाई त्याला तसंही तिथे पोस्टर घेऊन पाठवणार आहेत. एक संध्याकाळ मोकळी ठेव, एवढं सांगून मी फोन ठेवला.