नव्व्याण्णव टक्के शुद्ध म्हणजे नेमके काय?

टोरोंटो जनरल रुग्णालयात ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. त्याच्या रक्तातील साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले आणि पुढच्या मात्रा थांबवाव्या लागल्या. त्या अर्कात इन्सुलिन होतेच, मात्र त्याच्या जोडीने स्वादुपिंडातला बराच नको तो ऐवजही उतरला होता. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. एका टप्प्यावर नको असलेली प्रथिने साका होऊन तळाशी बसत आणि इन्सुलिन द्रावणात राही, आणि अल्कोहोल आणखी वाढवले की इन्सुलिनच वेगळे होई, हे त्याने हेरले. हा शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिल्यावर त्याच मुलाची साखर डेसिलिटरमागे ५२० मिलिग्रॅमवरून १२० वर आली.

‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या आणि तरीही अनेक जण स्वतःला टोचून घेतात अशा पेप्टाइडांच्या कुप्यांबाबत हा जुना प्रसंग मुद्दाम आठवावा असा आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्यांनी बनतात त्या घटकांची, आखूड साखळी. ती पोटात गेली तर पाचकरस बहुधा तिचे तुकडे करतात, म्हणून सुईचा मार्ग धरावा लागतो. आणि सुई त्वचेपासून आतड्यापर्यंतचे सगळे पहारे ओलांडून पदार्थ थेट आत पोहोचवते.

अशी साखळी हव्या त्या क्रमाने जुळवण्याची सोपी रीत ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. पहिले अमिनो आम्ल राळेच्या बारीक मण्याला बांधायचे आणि त्यावर पुढचे एकेक जोडत जायचे, अशी ती रीत आहे. एकोणचाळीस अमिनो आम्लांच्या साखळीत अडतीस जोडण्या असतात, आणि प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली तरी शेवटी पूर्ण साखळ्या निघतात सुमारे ६८ टक्के. उरलेल्यांत कुठे ना कुठे एखादे अमिनो आम्ल गळालेले असते. असे तोतये मूळ रेणूशी इतके मिळतेजुळते असतात की त्यांना वेगळे काढणे हेच या धंद्यातले सर्वांत खर्चिक काम ठरते, आणि शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना परके ठरवू शकते.

कुपीसोबतच्या कागदावर ‘शुद्धता ९९ टक्के’ असे लिहिलेले असते, तो आकडा बहुधा क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीच्या, आलेखातून येतो. यंत्रातील प्रकाश ज्या रेणूंनी शोषला, त्यांपैकी किती आपल्या पेप्टाइडचे, एवढेच तो सांगतो. कुपीतल्या भुकटीत मुरलेले पाणी आणि निर्मितीत चिकटलेले क्षार त्यात धरलेले नसतात, म्हणून पाच मिलिग्रॅम भुकटीत पेप्टाइड बरेच कमी भरू शकते. भुकटीत जिवाणू आहेत का, याचे उत्तर तर त्या आलेखाकडे मागणेच चूक आहे.

त्याहून अवघड प्रश्न मेलेल्या जिवाणूंचा आहे. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचे मेदयुक्त रेणू असतात, जिवाणू मेल्यावरही ते मागे उरतात आणि रक्तात अत्यल्प प्रमाणात गेले तरी थंडी, ताप आणि क्वचित रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन बहुतांशी टिकून राहते. काचेवरून ते घालवायला सुमारे २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पेप्टाइड कुठून टिकणार! जिवाणू अडवणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही ते सहज निसटते. म्हणून औषध कारखान्यात हॉर्सशू क्रॅब या सागरी जीवाच्या रक्तपेशींचा अर्क वा त्याचा प्रयोगशाळेत बनवलेला पर्याय वापरून प्रत्येक खेपेची चाचणी होते. घरातल्या स्वच्छतेने, स्पिरिटच्या बोळ्याने वा नव्या सुईने हा दोष दूर होत नाही. सुई नवी हवीच, आणि ती दुसऱ्याची वापरली तर कावीळ व एचआयव्हीचा धोका असतो, पण तो प्रश्न वेगळा.

टोचण्याआधी पाण्यात विरघळवायची ही भुकटी गोठवून निर्वातात वाळवलेली असते, कारण पाण्यात पेप्टाइड हळूहळू बिघडते: साखळीतल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, अ‍ॅस्परजिन या दुसऱ्याचे रूप पालटते. द्रावण गढूळ दिसले तर टाकावे, हे बरोबर. मात्र हे रासायनिक बदल डोळ्यांना दिसत नसल्याने नितळ द्रावण शाबूत असेलच असे नाही. कुपी हलवू नये, पाणी काचेच्या कडेने सोडावे, हा सल्ला मुख्यतः इन्सुलिनसारख्या घडी असलेल्या, म्हणजे ठरावीक आकारात दुमडलेल्या, रेणूंना लागू पडतो, कारण फेसाच्या पृष्ठभागावर त्यांची घडी उलगडते आणि ते एकमेकांना चिकटून तंतू बनतात. दहा-पंधरा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला बहुधा पक्की घडीच नसते. त्याला फेसापेक्षा ऊब, प्रकाश आणि पुनःपुन्हा गोठणे-वितळणे अधिक बाधते. बेंझिल अल्कोहोल घातलेले पाणी जिवाणूंची वाढ रोखते, आधीच असलेली घाण काढत नाही, आणि अशी कुपी एकदा टोचली की साधारणपणे २८ दिवसांनी टाकून देण्याचा दंडक आहे.

मात्रेचा घोळ बहुधा ‘युनिट’ या शब्दापाशी होतो. इन्सुलिनच्या यू-१०० सिरिंजवरील शंभर युनिट म्हणजे एक मिलिलिटर, म्हणजे दहा युनिटची खूण हा ०.१ मिलिलिटर द्रव असतो, औषधाचे वजन नव्हे. पाच मिलिग्रॅम भुकटी दोन मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर त्या खुणेला पाव मिलिग्रॅम येते, एकाच मिलिलिटरमध्ये विरघळवली तर अर्धा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये औषधालयांत मिश्रण करून कुपीतून दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या व वजन घटवण्याच्या औषधाबाबत इशारा दिला, तो याच गोंधळामुळे: काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतले होते. सेमाग्लुटाइडची योग्य मात्रा तरी मोठ्या चाचण्यांतून ठरलेली आहे. दुखापती भरून येतात अशा दाव्याने विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७ सारख्या पेप्टाइडला माणसांसाठी मान्यताप्राप्त मात्राच नाही, आणि खेळाडूंना ते २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी यादीनुसार वर्ज्य आहे.

टोचल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप आला, टोचलेली जागा लाल होऊन ठणकू लागली किंवा श्वास लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये, आणि उरलेली कुपी व तिचे वेष्टन फेकून न देता सोबत न्यावे. काय टोचले हे डॉक्टरांना सांगताना संकोच वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण ते सांगावेच, उपचाराला त्याची मदत होते; मात्र कुपीत प्रत्यक्षात काय होते ते उरलेल्या द्रावणाच्या तपासणीतूनच कळू शकते.