रेडिओ-नियंत्रित विमान उतरवणे : नवशिक्यांचा सराव (बेळगाव सीमाभाग)

ट्रान्समीटरच्या काठ्यांनी चालवायचे छोटे विमान सुखरूप जमिनीवर आणण्याचे कौशल्य. पारिभाषिक मराठीत यास ‘अवतरण’ म्हणतात, मैदानावर मात्र सर्रास ‘लँडिंग’. उडवणे नवशिक्याला लवकर जमते. मोडतोड होते ती उतरवताना.

छंदाच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांच्या ‘बिग गफ’ या १९३७ च्या सुमाराच्या विमानाला पहिलेपणाचा मान सहसा दिला जातो. जर्मनीत १९३६ मध्येच असे उड्डाण झाल्याचे काही अभ्यासक मानतात. टेस्लाच्या १८९८ च्या बिनतारी नावेपर्यंत धागा मागे नेणारेही आहेत; पण नाव तरंगते, तिला उतरावे लागत नाही. ‘बिग गफ’ स्मिथसोनियन संस्थेने जतन केले असल्यामुळे गुड बंधूंची बाजू अधिक पुराव्यानिशी मांडता येते.

तंत्राविषयीचा जुना वाद असा : उतरताना उंची कशाने राखावी आणि वेग कशाने? एक पक्ष एलेव्हेटरने (शेपटीवरील, नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) नाक रोखून मोटरच्या जोराने वेग सांभाळायला सांगतो. दुसऱ्याच्या मते एलेव्हेटर वेगासाठी आणि मोटर उंचीसाठी. नवशिक्याला दुसरी रीत अधिक सोयीची दिसते. विमान धावपट्टीआधीच खाली येऊ लागले की घाबरून नाक वर ओढले जाते, वेग मरतो, पंखांची उचल तुटते आणि विमान कोसळते (‘स्टॉल’). म्हणून उंचावर, चूक सावरायला वाव असताना, मुद्दाम स्टॉल करून त्यातून बाहेर येण्याचा सराव आधी करावा. विमान समोरून येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख झुकला असेल त्याच बाजूला काठी सरकवावी, जणू त्याला टेकू द्यावा. जमिनीपासून हात-दीड हातावर मोटर बंद करून एलेव्हेटर हलके ओढत राहावे. कन्नडमध्ये ‘सावकाश’ला ‘निधान’ म्हणतात. या शेवटच्या क्षणाला तो शब्द नेमका लागू पडतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मी. उंचीवर आहे. एप्रिलमधील ३५ अंश सेल्सिअसच्या दुपारी येथील हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. त्यामुळे स्टॉलचा वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो आणि कोकणात नीट उतरणारे विमान येथे थोडे जोरात टेकते. वाऱ्याचा हिशेब त्याहून मोठा. सेकंदाला ८ मी. वेगाने येणारे विमान ३ मी. वाऱ्याच्या समोर उतरले तर जमिनीच्या तुलनेत ५ मी. वेगाने टेकते, पाठवाऱ्यात ११ मी. वेगाने, आघाताची ऊर्जा जवळजवळ पाचपट. पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेचा असतो. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर तो केव्हाही फिरतो, म्हणून सराव सकाळीच उरकावा.

जागेचा प्रश्न तालुक्यागणिक बदलतो. खानापूरकडे भाताची कापणी झाल्यावर वावरे मोकळी होतात, पण धसकटात पुढचे चाक अडकते आणि बांध आडवे येतात. तेथे चाके काढून, हाताने सोडून, गवतावर पोटावर उतरवणे बरे. अथणी, बैलहोंगलकडील काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात. तेथे चाकांपेक्षा फोमचे सपाट पोट टिकते. निपाणी-चिकोडीकडे सपाट माळ मिळाल्यास चाकांचा सराव शक्य होतो.

बेळगावच्या पूर्वेस सांबरा येथे विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तर शहरात लष्करी छावणी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी. पट्ट्यात हरित क्षेत्राची (जेथे परवानगीशिवाय उडवता येते) मर्यादा २०० फूट असते. त्याहून उंच उडवायला परवानगी लागते. जागा ठरवण्यापूर्वी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ऑनलाइन नकाशात तिचा रंग पाहावा.